गोमाशीचं कपाळ

मी माश्या मारतो. रिकामटेकड्या माणसाबद्दल लोक असं म्हणतात, माझा मात्र तो पोटापाण्याचा धंदा आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझी पीएच.डी. गोमाश्यांच्या डोळ्यांवर आहे. मुरगूड-कागलच्या गोठ्यांतून हातात जाळी घेऊन म्हशींच्या मागं हिंडायचो, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. नावापुढं डॉक्टर लागल्यावर त्याच लोकांनी गाभण म्हशी दाखवायला बोलावलं. असो. मला सांगायचं आहे ते वर्षाराणी कुंभार यांच्याबद्दल.

वर्षावहिनी बापट कॅम्पातल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या कुंभारांच्या वस्तीतल्या. घरचं काम गणपतीच्या मूर्तींचं. शाडूची मूर्ती करायची, वाळवायची, रंगवायची आणि अगदी शेवटी तिचे डोळे काढायचे. या शेवटच्या कामाला आखणी म्हणतात. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात मूर्ती नाही, त्यामुळं हा शब्द मला ठाऊक नव्हता. तो मला सांगितला वहिनींच्या नवऱ्यानं, जोतीरामनं. त्यानं आमच्या विभागासाठी पोट उघडलेल्या बेडकाचं मॉडेल करून दिलं होतं. बेडूक इतका देखणा झाला होता की त्याच्या डोक्यावर मुकुट तेवढा चढवायचा राहिला होता. तेव्हापासून आमची दोस्ती.

वहिनींचं माहेर मुरगूडचं. तिकडं घरात मडकी, रांजण आणि बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचे, मातीचे बैल. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा आखणी सासरे करायचे, गणपतराव. शेडमधल्या बायकांनी माती मळायची, मूर्ती घासायच्या. आखणीच्या कुंचल्याला हात लावायचा नाही. पुढं गणपतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना तो मान्य नव्हता. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्या वर्षी मूर्ती तिरळ्या व्हायला लागल्या आणि घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. दुपारी जेवणं चालली होती. नवी सून भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामा, गणपती तिरळा बघतोय."

सगळ्यांचे घास हातात राहिले. गणपतराव ताटावरून उठले, शेडमध्ये गेले आणि कुंचला आणून सुनेपुढं टाकला.

"मग तू आख. बघू तुझा कुणीकडं बघतोय."

ही हकिकत जोतीराम तिखटमीठ लावून सांगायचा. वहिनी जवळच असायच्या. त्या फक्त म्हणायच्या, "तिखटमीठ नगं. भाकरी वाढताना झालं, एवढंच खरं हाय."

त्यांची आखणी बघायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो. डोळा हा माझाही विषय, म्हटलं बघू तरी. मूर्ती पाटावर ठेवलेली. वहिनी समोर मांडी घालून बसलेल्या. त्या डोळ्यांची कड ओढायच्या, बुबुळ ठेवायच्या आणि एका अंगाला सरायच्या. त्यांच्या पाठीमागं जोतीराम उभा असायचा, घरी आरतीला माणूस जेवढ्या अंतरावर उभा राहतो तेवढ्या. तो मूर्तीकडं बघायचा. नजर बसली नसली तर म्हणायचा, "अजून न्हाय." मग वहिनी बुबुळ केसभर सरकवायच्या. मूर्ती आपल्याकडंच बघते आहे असं त्याला वाटलं की म्हणायचा, "बघितलं." मग त्या बुबुळात पांढरा ठिपका द्यायच्या आणि पुढच्या डोळ्याकडं वळायच्या. प्रत्येक मूर्तीला हेच. मी पुस्तकातून डोळे शिकलेला माणूस. ते 'बघितलं' ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

मागच्या वर्षी, मूर्ती न्यायला लोक यायच्या थोडं आधी, एका मूर्तीचा एक डोळा आखून झाला. जोतीराम "बघितलं" म्हणाला आणि छातीत कळ येतेय म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. तिथून तो उठला नाही.

त्या वर्षीच्या उरलेल्या मूर्ती गल्लीतल्या कुंभारांनी आखून दिल्या. दिवसकार्य उरकलं आणि वहिनी शेडमध्ये परत आल्या. माती मळायला लागल्या, पितांबरं रंगवायला लागल्या. सोंडेवरची नक्षी पहिल्यासारखीच रेखीव. विचारलं की उत्तर द्यायच्या, वाढलं की जेवायच्या. फक्त डोळे काढत नव्हत्या. ती एक डोळा आखलेली मूर्ती कोपऱ्यात पोतं टाकून ठेवलेली होती, तिच्याकडं कुणी जात नव्हतं.

जोतीरामचा धाकटा भाऊ बाळासो आता शेड बघतो. माणूस भला आहे, फक्त त्याला हळू बोलता येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी तो पंचगंगेच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलतो. उन्हाळ्यात त्यानं वहिनींना सांगून टाकलं, "वहिनी, आषाढ संपायच्या आत आखणीला बसा. न्हायतर मी छापवाला बोलावणार. माझा नाइलाज हाय."

छाप म्हणजे डोळ्यांच्या आकाराचा कापलेला प्लास्टिकचा पत्रा. मूर्तीच्या तोंडावर धरायचा, वरून रंग फवारायचा, की झाले डोळे. सगळ्या मूर्ती एकसारख्या, आणि सगळ्यांची नजर समोरच्या भिंतीवर. एकदा छाप शेडमध्ये शिरला की आखणी संपली. आखणी करणारी बाईही संपली. वहिनींना हे समजत नव्हतं असं नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि पितांबर रंगवत राहिल्या.

याच सुमारास मी तिथं गेलो. जुलैत आमच्या विभागाचं शाळेतल्या मुलांसाठी कीटकांचं प्रदर्शन होतं आणि माश्यांची मोठाली डोकी करून द्यायचं जोतीरामनं मागंच कबूल केलं होतं. एक घरमाशीचं, दोन गोमाशीची, नर आणि मादी, प्रत्येक घागरीएवढं. माझ्या लाडक्या प्रदर्शनात माशी शिंकली होती आणि ती अशी. काम रद्द करतोय एवढं सांगून परतायचं ठरवून गेलो होतो. शेडमध्ये पंख्याखाली मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. मुकुट, सोंड, हातातला मोदक, सगळं तयार. डोळ्यांच्या जागी कोरा रंग. मला बसवेना.

वहिनीच म्हणाल्या, "सर, माशीची डोकी करायची हुती न्हवं?"

"राहू दे, वहिनी. पुढच्या वर्षी बघू."

"माशीला बुबुळ असतंय?"

"नसतं."

"मग ती बघती कशी?"

मला माशीबद्दल कुणी विचारलं की मी सुटतो, आमचे विभागप्रमुख अशा वेळी घड्याळाकडं बघायला लागतात. मी तिथंच खाली बसून सुरू केलं. माशीचा एक डोळा म्हणजे हजारो बारक्या डोळ्यांची दाटी. प्रत्येक बारका डोळा सहा कोनांचा, मधाच्या पोळ्यातल्या घरासारखा, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. एकाला दिसतो फक्त एक ठिपका. सगळे ठिपके मिळून चित्र. ते आपल्यासारखं स्वच्छ नसतं, धुरकट असतं. पण समोरचं, बाजूचं, वरचं, बरंचसं मागचंही, सगळं एकदम. आणि माशी आपल्यापेक्षा कितीतरी भरभर बघते. आपण सपकन मारलेला हात तिला रमतगमत येताना दिसतो, म्हणून ती निघून जाते आणि आपण आपल्याच मांडीवर फटका मारून घेतो. पापणी नाही. डोळा फिरवायची गरज नाही. ती अमक्या एकाकडं अशी बघतच नाही.

वहिनी ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"म्हंजे समोर कुणी उभं ऱ्हायला लागत न्हाय."

"नाही लागत."

"मग मी करतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो', 'जातो' असंच म्हणतात. वर्गात नर-मादीचा फरक घसा फोडून सांगणाऱ्या मला माझी आईही "मी आलो बाळ" म्हणते. पलीकडं बाळासोनं कपाळावर हात मारून घेतला.

"गणपती ऱ्हायलं बाजूला, आता माश्या करा! लोकं म्हणतील कुंभार माश्या मारत बसल्यात!"

पण तो आडवा आला नाही. बाजूला घेऊन मला म्हणाला, आणि बाजूला घेतलं तरी ते गल्लीभर ऐकू गेलं, "करू द्या सर. हातात कायतरी डोळ्याचं काम तरी येऊ दे."

पुढच्या खेपेला मी माश्यांची पेटी आणि भिंग घेऊन गेलो. टाचणीला टोचलेली गोमाशी वहिनींना दाखवली. तिचे डोळे काळपट, मातकट दिसत होते. मी सांगितलं की जिवंतपणी हे असे नसतात. हिरवेगार असतात आणि त्यांवर जांभळे पट्टे, इरकली लुगड्याच्या काठासारखे. मेली आणि वाळली की रंग जातो.

"मग मी कुठला रंग द्यायचा? बघितल्याबिगर?"

मी कापूस ओला केला, पेटीत माशीशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. चहा झाला, बाळासोचं ओरडून झालं, मग झाकण उघडलं. डोळ्यांत ओल शिरली होती आणि हिरवा रंग परत आला होता, पट्ट्यांसकट. वहिनींनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"मेल्यावर पण येतोय?"

"ओल मिळाली की येतो. वाळली की परत जातो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि रंग कालवायला बसल्या. मला वाटलं होतं, हे बघून त्यांना काहीतरी वाटेल. मलाच पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटाच हसत सुटलो होतो. म्हणून मूर्खासारखं विचारलं, "वहिनी, आता जरा बरं वाटतंय ना?"

"काय वाटत न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "दात काढायला इंजेक्शन देत्यात, तवा गाल कसा हुतोय? हात लावला तर गाल हाय. पर आपला न्हाय. तसं हाय समदं." हे सांगताना त्यांचा हात रंग कालवत होता, तो थांबला नाही.

मग मी त्यांना कपाळ समजावलं. गोमाशीच्या नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मधे जागाच नाही. मादीचे डोळे भिडत नाहीत, त्यांच्यामधे एक उभी पट्टी असते. वर्गात मी तिला सरळ कपाळ म्हणतो. नराला कपाळ नसतं, मादीला असतं. या वाक्याला दर वर्षी मागच्या बाकावर खसखस पिकते. वहिनी हसल्या नाहीत.

"नराला का न्हाय?"

"त्याला मादी शोधायची असते. तो हवेत तरंगत वर बघत असतो. डोक्यावरचे त्याचे बारके डोळे खालच्यांपेक्षा मोठे असतात. आभाळात काळा ठिपका सरकला की गेला त्याच्या मागं. सगळं डोकं डोळ्यांनीच भरलेलं, कपाळाला जागा कुठली?"

"आणि चावतोय कोण?"

"चावते ती मादी. अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांवर रस पिऊन असतो. आणि लवकर मरतो."

"मग तिचं?"

"तिचं चाललेलं असतं. म्हशी असतात, अंडी असतात."

वहिनींनी मान हलवली. मी पुढं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मादीच्या कपाळावर मधोमध एक उंचवटा असतो, गुळगुळीत, तपकिरी-काळा, चकाकणारा. बाकी कपाळ राखाडी आणि मधे हा. आम्ही त्याच्या आकारावरून गोमाशीची जात ओळखतो, तेव्हा तो विसरू नका. भिंगातून त्यांना तो दाखवला. त्यांनी बघितला आणि भिंग खाली ठेवलं.

डोकी घडायला लागली. मी अधूनमधून डोकावायचो. बारक्या डोळ्यांचे षटकोन कसे उठवायचे, ही मला काळजी होती. एकेक कोरायचा म्हटला तर गणपती काय, दिवाळी आली असती. वहिनींनी माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढली. तिची भोकं सहा कोनांची असतात हे मी आयुष्यभर तिच्यात झोपून पाहिलं नव्हतं. ओल्या मातीच्या गोळ्यावर त्यांनी ती ताणून दाबली आणि अलगद उचलली. खाली माशीचा डोळा उमटला होता. मच्छरदाणीतून माशी निघाली म्हणून मी मोठ्यानं हसलो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, हसण्याचं कारण काय असावं अशा नजरेनं.

एक दिवस गेलो तर कोपऱ्यातलं पोतं रिकामं होतं. एक डोळा आखलेली मूर्ती जागेवर नव्हती. बाळासोनं डोळ्यांनीच टबाकडं खूण केली. वहिनींनी मूर्तीवरचा रंग खरवडून काढला होता आणि मूर्ती पाण्यात भिजत घातली होती. शाडू पाण्यात विरघळतो, परत मळता येतो.

"माती कमी पडली," वहिनी म्हणाल्या.

माती कमी पडलेली नव्हती. शेजारी शाडूची पोती थप्पीनं रचलेली मला दिसत होती. बाळासो, ज्याला हळू बोलता येत नाही, तो काही न बोलता बाहेर गेला. त्या मातीचे दोन गोळे झाले, गोमाशीचा नर आणि गोमाशीची मादी. दोन्ही डोकी शेजारी शेजारी फळीवर वाळायला ठेवली होती.

मग पाऊस लागून राहिला. हवेत दमटपणा, माती वाळेना. बाळासोनं वर दिवे लावले, ते नराच्या बाजूला जास्त तापले असावेत. नराचं डोकं बरोबर मधोमध, दोन डोळे भिडतात त्या रेघेवर, तडकलं. वहिनींचा फोन आला. "सर, नर तडकला. दुसरा हुयाचा न्हाय, वाळणार न्हाय वेळंत."

मी म्हटलं चालेल. मनात चरफडलो, पण म्हटलं चालेल. मादीच महत्त्वाची, चावते ती.

प्रदर्शनाच्या आधी डोकी न्यायला गेलो. घरमाशी उत्तम होती. गोमाशीच्या मादीवरचं फडकं वहिनींनी बाजूला केलं आणि मी बघतच राहिलो. ते हिरवे डोळे, त्यांवरचे जांभळे पट्टे, हजारो षटकोनांतून पाझरल्यासारखा रंग. माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं मी हे भिंगाखाली बघण्यात घालवली आहेत, आणि आता ते घागरीएवढं होऊन समोर बसलं होतं. मग माझी नजर कपाळावर गेली. राखाडी रंगाची सपाट पट्टी. मधे काही नाही.

मी भडकलो. तो माझा स्वभाव आहे, त्याला काही करता येत नाही.

"वहिनी, उंचवटा कुठाय? दहादा सांगितलं मी, ओळखायची खूण आहे ती! भिंगातून दाखवला! कपाळ कोरं ठेवून कसं चालेल?"

"नर तडकला न्हवं?" त्या म्हणाल्या.

"तडकला. मग?"

"मग हिच्या कपाळाला कसं लावायचं?"

त्यांनी हे अगदी साध्या सुरात विचारलं, रंग संपलाय, आता काय करू, असं विचारावं तसं. मी त्यांच्याकडं बघितलं. वर्षानुवर्षं टिकली लावून त्यांच्या कपाळावर एक फिकट गोल उमटलेला होता. टिकली गेली होती, गोल राहिला होता. इतके महिने मी या घरात येत होतो आणि तो मला दिसला नव्हता. माशीच्या कपाळावरचं सगळं बघणारा माणूस मी. मला एकदम रडायला आलं आणि रडायला आलं म्हणून आणखी राग आला. जोतीरामचा राग आला, घड्याळाकडं बघणाऱ्या आमच्या विभागप्रमुखांचाही आला, आणि आवाज होता त्याहून चढला.

"वहिनी, तो उंचवटा नरानं दिलेला नसतो! नर दिसायच्या आधीपासून असतो. कोषातून बाहेर पडते ना, तेव्हाच तो कपाळावर असतो. नर भेटला काय, न भेटला काय. नर मरतो, तरी तो जात नाही. तिला शंभर म्हशींनी शेपट्या मारल्या तरी जात नाही. तो काढायचा तर तिचं कपाळ फोडायला लागेल. तो तिचा आहे. कळलं?"

 बाळासो दारात येऊन उभा होता.

"व्हय?" वहिनी म्हणाल्या.

"व्हय."

"मला वाटलं, त्येच्यामुळं असतोय."

त्यांनी मातीची एक गोळी घेतली, हरभऱ्याएवढी, पाण्याचं बोट लावून मादीच्या कपाळावर बसवली आणि अंगठ्यानं गुळगुळीत केली. दिव्याखाली ती वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी एक पत्र्याचा डबा उघडला. आत आखणीचे कुंचले होते. जोतीराम गेल्यापासून तो डबा उघडला नव्हता, हे मला बाळासोच्या तोंडाकडं बघून कळलं. तपकिरी रंगात थोडा काळा कालवला. त्या उंचवट्यावर त्यांनी रंग दिला, वर वार्निश दिलं.  झाल्यावर त्या सवयीनं एका अंगाला सरल्या आणि मान वळवून पाठीमागं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्या हात धुवायला गेल्या.

प्रदर्शन झालं. पोरांनी माशीच्या डोळ्यात बोटं घातली, एका पोरानं तिला नमस्कारही केला. गोमाशीचा नर कुठं आहे, असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "तडकला." त्यांना ते शास्त्रीय वाटलं असावं, त्यांनी मान डोलावली.

डोकं ठेवायला आणलेला पाट परत द्यायला मी बापट कॅम्पात गेलो, तेव्हा आषाढ संपत आला होता. शेडच्या दाराशी एक अनोळखी माणूस चहा घेत बसला होता. पायाशी पिशवी, पिशवीतून प्लास्टिकचे कापलेले पत्रे डोकावत होते. छापवाला आला होता. बाळासो त्याला "घ्या पावणं, बिस्कीट घ्या" म्हणत होता आणि आतल्या बाजूला बघायचं टाळत होता.

आत वहिनी एका मूर्तीपुढं मांडी घालून बसल्या होत्या. हातात तोच बारीक कुंचला. मला वाटलं रंगाचं काही राहिलं असेल. जवळ गेलो तर मूर्तीच्या उजव्या डोळ्याची कड ओढलेली होती आणि बुबुळ ठेवलेलं होतं.

"भावजी," त्यांनी हाक मारली. आवाज होता तसाच, सपाट. "जरा हितं उभं ऱ्हावा."

बाळासोला आधी समजलंच नाही. मग तो आपली कपबशी छापवाल्याच्या हातात देऊन आत आला. हात विजारीला पुसत जोतीराम जिथं उभा राहायचा तिथं, वहिनींच्या पाठीमागं, जाऊन उभा राहिला. अंग चोरून, कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखा.

वहिनी एका अंगाला सरल्या आणि मान वळवून त्याच्याकडं तोंड केलं.

"बघितलं?"

बाळासो मूर्तीकडं बघत नव्हता. तो वहिनींकडं बघत होता. त्या फिकट गोलाच्या जागी, बरोबर मधोमध, एक ठिपका होता. तपकिरी-काळा, वर वार्निश दिल्यासारखा चकाकणारा.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्या दिवशी मला कळलं की त्याला हळू बोलता येतं. "कपाळाला रंग लागलाय."

"लागला न्हाय. लावलाय," वहिनी म्हणाल्या. "मूर्तीनं बघितलं का, त्ये सांगा."

 बाळासोनं नजर वळवून मूर्तीकडं बघितलं, बराच वेळ. बाहेर छापवाल्यानं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बघितलं," बाळासो म्हणाला.

वहिनींनी मान हलवली, कुंचल्याच्या टोकावर पांढरा रंग घेतला आणि मूर्तीकडं वळल्या.